दुसऱ्या कंटेनरचा विचार आधी

निर्यातीच्या प्रशिक्षणवर्गातून बाहेर पडणारा नवा उद्योजक बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन घरी जातो: परदेशातली पार्टी मिळवायची कुठून? मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. जी पार्टी मिळेल, ती सहा महिन्यांनी पुन्हा माल मागवेल का? पहिला कंटेनर ओळखीवर जातो, स्वस्त भावावर जातो, कधी कधी नशिबानंही जातो. दुसरा जातो, कारण पहिल्याच्या मालात, कागदात आणि वेळेत खोट निघालेली नसते. शिवाय पहिल्या ऑर्डरीत नमुने, चाचण्या, नवी लेबलं, पॅकिंगमधले बदल यांवर झालेला खर्च एका फेरीत वसूल होत नाही. तोच माल त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा गेला, तरच छोट्या उद्योगाला परदेश परवडतो. म्हणून खाली जे सांगतो आहे, ते सगळं या दुसऱ्या ऑर्डरीच्या नजरेनं वाचा.

उदाहरण हाताशी असावं म्हणून सांगलीच्या परिसरातलं हळद दळून पॅक करणारं एखादं युनिट डोळ्यांसमोर ठेवू. दहा-पंधरा माणसं, दोन दळणयंत्रं, जिल्ह्यात आणि पुण्या-मुंबईत बऱ्यापैकी खप. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, बाजार समिती जुनी आहे, कच्चा माल दारात आहे. कोल्हापुरात ओतकाम करणाऱ्याला किंवा इचलकरंजीत कापड विणणाऱ्याला चाचण्या वेगळ्या लागतील, पैशांचं आणि कराराचं गणित मात्र हेच राहील.

एक वस्तू, एक देश

पहिली चूक कॅटलॉगमध्ये होते. वीस मसाले, चार लोणची, पापड, चटण्या, सगळं एका पानावर छापून ते चाळीस देशांतल्या आयातदारांना पाठवलं जातं. घेणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या माणसाची खासियत काय, ते त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नाही. एक वस्तू निवडा. हळद पावडर असेल तर हळद पावडरच. तिचा एचएस कोड (आयात-निर्यातीत वस्तू ओळखण्याचा आकडा) शोधा. हळदीसाठी पहिले सहा आकडे ०९१०३० आहेत आणि हे सहा आकडे जगभर सारखे असतात. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ‘ट्रेड मॅप’ या संकेतस्थळावर हा कोड टाकला की कोणता देश किती हळद घेतो, कोणाकडून घेतो आणि किती पैशांना घेतो ते दिसतं. एकूण रकमेला वजनानं भागा. त्या देशात हळद सरासरी काय भावानं उतरते, त्याचा अंदाज येतो. तुमच्या खर्चाच्या जवळपासही तो भाव येत नसेल, तर त्या देशाच्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही. संध्याकाळभराचं काम आहे आणि ते न केल्यामुळे लोक वर्षभर चुकीच्या देशाच्या मागे धावतात.

पहिला देश जवळचा घ्या. जवळचा म्हणजे नकाशावर आणि व्यवहारातही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे संशोधक योहान्सन आणि वाल्ने यांनी १९७७ साली मांडलं होतं की कंपन्या आधी आपल्याशी मिळत्याजुळत्या बाजारात उतरतात, तिथे शिकतात आणि मग लांब जातात. पुढे इंटरनेटच्या काळात पहिल्या दिवसापासून जगभर विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि या मांडणीला आव्हान मिळालं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ते जमतं. पण ज्याचा माल पोत्यात भरून बोटीवर चढतो, त्याला आजही उप्सालाचाच रस्ता सोयीचा आहे असं माझं ठाम मत आहे. सांगलीच्या युनिटसाठी दुबई हा स्वाभाविक पहिला थांबा. न्हावा शेवाहून जेबेल अलीला बोट काही दिवसांत पोचते, व्यापारी हिंदीत बोलतात, हळदीची चव त्यांना समजावून सांगावी लागत नाही, आणि अडचण आली तर विमानानं जाऊन समोरासमोर बसता येतं.

भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पात्र मालाला शुल्कात सवलत मिळते, पण त्यासाठी त्या कराराचं खास उत्पत्ती प्रमाणपत्र सोबत जावं लागतं. ते परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून काढता येतं. आपल्या कोडवर मुळात किती शुल्क होतं, हेही बघा. काही वस्तूंवर ते आधीच शून्य असतं आणि तिथे करारामुळे काहीच फरक पडत नाही. वर्तमानपत्रात करारावर सह्या झाल्याची बातमी वाचून भाव देऊ नका. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी भारतानं १० मार्च २०२४ रोजी करार केला, तो प्रत्यक्ष लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. दीड वर्षाहून जास्त काळ तो फक्त कागदावर होता.

परदेशातल्या मराठी माणसांबद्दलही इथेच बोलायला हवं. न्यू जर्सीतल्या मावसभावानं तुमचा गोडा मसाला नावाजला, मंडळाच्या गणेशोत्सवात शंभर पाकिटं हातोहात गेली, हे उत्साह वाढवणारं आहे आणि चव कळायला उपयोगीही. पण ती बाजारपेठ नव्हे. ती पाकिटं पाहुण्यांच्या बॅगेतून गेली होती, त्यांवर ना वाहतूक लागली, ना आयातदाराचा नफा, ना दुकानाचा. तीच पाकिटं रीतसर गेली तर दुकानात किती किमतीला पडतील, याचा हिशेब मांडा आणि मग मावसभावाला विचारा, एवढ्याला घेशील का? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांना परदेशात खरा, निष्ठावान ग्राहक आहे. संख्येनं मात्र तो थोडा आहे. त्याच्यापासून सुरुवात जरूर करा, कारखान्याची क्षमता मात्र त्याच्या भरवशावर वाढवू नका.

स्वच्छ माल म्हणजे काय, ते घेणारा ठरवतो

२०१० साली महाराष्ट्रातल्या द्राक्षांवर युरोपात जे संकट आलं, ते प्रत्येक नव्या निर्यातदारानं समजून घ्यावं. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचे, अंश तिकडच्या तपासणीत मर्यादेबाहेर निघाले. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत तेव्हा हे रसायन नव्हतं. म्हणजे इथून माल ‘पास’ होऊन गेला आणि तिथे अडकला. बागायतदारांनी वर्षभर जिवापाड सांभाळलेला माल होता तो. त्या हंगामाचं कर्ज फेडायला अनेक घरांना पुढची कित्येक वर्षं लागली. त्यानंतर तपासणीची यादी वाढली, बागेपासून बंदरापर्यंत मागोवा ठेवणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था कडक झाली आणि आज नाशिकची द्राक्षं युरोपच्या दुकानांत दिमाखात उभी आहेत. पण किंमत शेतकऱ्यांनी मोजली.

मसाल्यांची गोष्ट याहून ताजी आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर इथे भारतीय ब्रँडच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून कारवाई झाली. जंतू मारण्यासाठी हा वायू वापरला जातो. अमेरिकेत सुक्या मसाल्यांत त्याच्या अंशाला किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, युरोपीय संघात मर्यादा आहे ०.१ मिलिग्रॅम. एका देशात बिनबोभाट खपणारा लॉट दुसऱ्या देशात परत फिरू शकतो, तो असा. वाफेनं निर्जंतुक केलेली पावडर थोडी महाग पडते, पण तिला दोन्ही दारं उघडी असतात. युरोपात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते, हेही लक्षात असू द्या. हळदीबाबत शिशाची आणि अफ्लाटॉक्सिनची चाचणी तर कोणताही जाणता खरेदीदार मागणारच.

तेव्हा भाव देण्याआधी खरेदीदाराकडून लेखी तपशील मागवा: कर्क्युमिन किती, ओलावा किती, जाळी कोणती, कोणत्या अंशांची चाचणी, कोणत्या प्रयोगशाळेची. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून त्या यादीनुसार चाचणी करून घ्या. पाठवलेल्या लॉटचा नमुना दोघांच्या सहीनं सीलबंद करून आपल्याकडे ठेवा. तक्रार आलीच तर वाद शब्दांवर न राहता नमुन्यावर होतो. आणि आणखी मागे जा. हळद कोणत्या शेतकऱ्याकडून आली, त्यानं काय फवारलं, याची वही ठेवा. बाजार समितीत दहा जणांचा माल एकत्र झाला की हा धागा तुटतो. थेट पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीशी बांधून घेतलेलं नातं इथे फार कामाला येतं. मोहाडीची सह्याद्री फार्म्स युरोपात टिकली, त्यामागे शेतापर्यंत पोचणारी ही शिस्त मोठी आहे.

आखाती देशांत लेबल अरबीत लागतं, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली लागते. चिकटवलेल्या तारखेवर अधिकारी हरकत घेऊ शकतात. लेबलाचा मसुदा छापण्याआधी आयातदाराकडून ईमेलवर मंजूर करून घ्या. अमेरिकेला जायचं तर तिथल्या एफडीएकडे कारखान्याची नोंदणी, तिथला एक एजंट आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना लागते. ती नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्यानं करावी लागते, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

पैसा कुठे अडकतो

छोटे उद्योग परदेशात मालाच्या दर्जापेक्षा खेळत्या भांडवलावर जास्त वेळा पडतात. साधा हिशेब करू. दहा टन हळद पावडर, किलोला २०० रुपये, म्हणजे २० लाखांचा माल. खरेदी, दळण, पॅकिंग, चाचण्या यांत पंधरा दिवस. बंदर आणि कस्टममध्ये आठवडा. खरेदीदार म्हणतो, बिल ऑफ लॅडिंगच्या (जहाज कंपनीनं माल चढल्याबद्दल दिलेल्या पावतीच्या) तारखेपासून साठ दिवसांनी पैसे. बँकेत रक्कम जमा होईपर्यंत तीन महिने उलटतात. वर्षाला १० टक्के व्याज धरलं तरी तीन महिन्यांचे ५० हजार, म्हणजे किलोमागे ५ रुपये. अनेक जण भाव देताना हे ५ रुपये धरतच नाहीत. आता माल आवडला आणि सहा आठवड्यांत दुसरी ऑर्डर आली. आणखी २० लाख हवेत आणि पहिले अजून आलेले नाहीत. ज्या यशाची वाट पाहिली, त्याच क्षणी हात रिकामे. मग सावकारी दरानं पैसे उचलले जातात किंवा हलका माल भरून वेळ मारून नेली जाते. दोन्हींचा शेवट सारखाच.

यावर उपाय ऑर्डर येण्याआधी करायचा असतो. बँकेकडून निर्यातीच्या ऑर्डरवर मिळणारं पॅकिंग क्रेडिट आधीच मंजूर करून ठेवा. जीएसटीसाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला भरा. तो नसेल तर कर भरून परतावा मागावा लागतो. हळद पावडरवर ५ टक्के कर आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात आणखी १ लाख रुपये अडकले. सरकारच्या रोडटेपसारख्या निर्यात-परतावा योजनांतून मिळणारी रक्कम भावात धरू नका. ती आली तर वरकड. धोरण बदललं आणि दर कमी झाला, तरी तुमचा भाव उभा राहिला पाहिजे.

पैसे कसे घ्यायचे? नव्या पार्टीकडून ३० ते ५० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लॅडिंगची प्रत दाखवल्यावर, मूळ कागद सुटण्याआधी. छोट्या ऑर्डरीला मी हीच पद्धत सुचवेन. आगाऊ रक्कम निदान एवढी हवी की पार्टीनं माल नाकारला तर जाण्यायेण्याचं भाडं आणि बंदरातला खर्च तरी त्यातून निघावा. मूळ बिल ऑफ लॅडिंग तुमच्या हातात आहे तोवर माल तुमचा. विमानानं पाठवलेल्या मालाला हे लागू नाही. तिथे एअरवे बिलावर ज्याचं नाव आहे, त्याला माल मिळतो, म्हणून विमानानं जाणाऱ्या मालाचे पैसे आधीच घ्यावेत. अनेक देशांत नाकारलेला माल परत आणायला किंवा दुसऱ्याला विकायला त्याच खरेदीदाराचं ना-हरकत पत्र लागतं, हे खूप जणांना कंटेनर अडकल्यावर कळतं.

लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी, हिला लोक पूर्ण सुरक्षा समजतात. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. नावातला एक शब्द वेगळा, बोटीची तारीख एक दिवस उशिरा, वजन दोन कागदांवर दोन प्रकारे, एवढ्यावर बँक त्रुटी काढते आणि मग पैसे खरेदीदाराच्या मर्जीवर जातात. एलसीचा मसुदा आला की आपल्या बँकेतल्या परकीय चलन विभागात जाऊन ओळ न ओळ वाचून घ्या आणि जी अट पाळता येणार नाही, ती माल भरण्याआधी बदलून मागा.

उधारीवर माल द्यायची वेळ आलीच तर ईसीजीसीची निर्यात पतविमा पॉलिसी घ्या. ही सरकारी कंपनी १९५७ पासून याच कामासाठी आहे. खरेदीदारानं बुडवलं किंवा त्या देशात पैसे अडकले तर नुकसानीचा मोठा हिस्सा भरून मिळतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एखाद्या खरेदीदारावर किती मर्यादेपर्यंत संरक्षण द्यायचं, हे ती आधी तपासते. तिनं नकार दिला, तर तुम्हीही दोनदा विचार करा.

फसवणुकीचे दोन प्रकार वारंवार दिसतात. पहिल्यात मोठ्या ऑर्डरीचं आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘वकिलाची फी’ मागितली जाते. माल विकत घेणाऱ्याला तुम्ही पैसे पाठवायचं काही कारण नाही. दुसरा जास्त घातक आहे: कोणीतरी ईमेलमध्ये शिरतं आणि ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं तुमच्या नावानं खरेदीदाराला कळवतं. पहिल्याच करारात लिहून ठेवा की बँक खात्यात बदल झाल्यास फोनवर बोलून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

कागद आणि वाट

कागदांची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, पाचशे रुपयांत घरबसल्या मिळतो. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पोर्टलवर जाऊन कायम केली नाही, तर तो निष्क्रिय होतो, एवढं लक्षात ठेवा. बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक) कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचा. मसाल्यांसाठी मसाला मंडळाचं निर्यातदार प्रमाणपत्र, फळं-भाज्या आणि प्रक्रिया केलेल्या बहुतेक पदार्थांसाठी अपेडाची नोंदणी. बाकीचं काम चांगला सीएचए (कस्टमचं काम पाहणारा एजंट) सांभाळतो. तो निवडताना दोनशे रुपये कमी कोण घेतं, यापेक्षा तुमच्यासारखाच माल तो किती वेळा पाठवतो, हे विचारा.

पहिल्या खेपेला अख्खा कंटेनर भरायचा हट्ट नको. दोन-तीन टन माल दुसऱ्यांच्या मालासोबत एलसीएलनं जाऊ शकतो. किलोमागे भाडं जास्त पडतं, पण शिकण्याची किंमत कमी होते. याहून लहान, पाकिटांच्या ऑर्डरी असतील तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं चांगली सोय आहेत. हळद ओलावा ओढते, तेव्हा पावसाळ्यात कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला विसरू नका. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम १५ चा शिक्का हवा.

भाव एफओबी (माल बोटीवर चढेपर्यंतचा) द्यायचा की सीआयएफ (भाडं आणि विमा धरून), याची चर्चा खूप होते. मला सुरुवातीला सीआयएफ बरा वाटतो, कारण जहाज आणि फॉरवर्डर तुम्ही निवडता. एफओबीमध्ये फॉरवर्डर खरेदीदाराचा असतो आणि त्यानं मूळ कागदाशिवाय माल सोडल्याची उदाहरणं घडतात. मात्र सीआयएफमध्ये भाड्याची चढ-उतार तुमच्या अंगावर येते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला आणि जुन्या भाड्यावर भाव देऊन बसलेल्यांचा नफा समुद्रातच गेला. भावपत्रकावर मुदत लिहा. पंधरा दिवस पुरे.

धोका आपल्या बाजूनंही येतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात नाशिकच्या निर्यातदारांची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांकडे वळली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं. म्हणून देशातली विक्री कमी करून सगळा माल परदेशी वळवू नका. एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एकाच परदेशी पार्टीवर टेकलेला असेल, तर मला काळजी वाटते.

नाव कोणाचं

दुबईतला वितरक म्हणतो, ‘अख्ख्या आखाताचे हक्क मला द्या.’ देऊ नका. एक देश, एक वर्ष आणि किमान अमुक टन, एवढ्यावर बांधा. खरेदी तेवढी झाली नाही तर हक्क आपोआप संपतील, असं कलम घाला. नोंदणीकृत एजंटाला तिथल्या कायद्याचं भक्कम संरक्षण आहे, त्यामुळे सही करण्याआधी तिथल्या वकिलाला करार दाखवण्याचा खर्च टाळू नका. आणि तुमच्या ब्रँडची नोंदणी त्या देशात तुमच्याच नावावर करा. वितरकानं ‘मी करून देतो’ म्हणून स्वतःच्या नावावर केली, तर उद्या त्याला सोडून जाताना स्वतःचं नाव मागे ठेवून जावं लागेल. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे, त्यामुळे इथल्या नोंदणीच्या आधारे एकाच अर्जातून अनेक देशांत संरक्षण मागता येतं.

पहिला माल पोचला की पंधरा दिवसांत तिथे जा. गोदामात पाकिटं कशी रचली आहेत, कोणत्या टोकाला फाटली आहेत, दुकानात शेजारी कोणाची हळद किती दिरहमला ठेवली आहे, हे डोळ्यांनी पाहा. दोन दुकानदारांना विचारा की गिऱ्हाईक काय म्हणतं. बहुतेक वेळा उत्तर चवीबद्दल नसतं. पाकिटाचा आकार, झिप नीट बंद न होणं, बारकोड स्कॅन न होणं, असलंच काहीतरी असतं, आणि ते सांगलीत आठवड्यात दुरुस्त होण्यासारखं असतं. ती दुरुस्ती करून, तिचे फोटो आणि नव्या लॉटचा चाचणी अहवाल जोडून दुसऱ्या ऑर्डरीची गोष्ट काढा. आयातदाराला आपण होऊन अहवाल पाठवणारे पुरवठादार क्वचितच भेटतात.

त्याच देशातून सलग तीन-चार ऑर्डरी वेळेवर गेल्या, पैसे वेळेवर आले आणि पॅकिंग क्रेडिटची मर्यादा एकदा वाढवून झाली, की मग जर्मनी किंवा नेदरलँड्सची चौकशी सुरू करा. तिकडच्या खरेदीदाराला भाव पाठवण्याआधी आपल्या हळदीचा एक लॉट युरोपीय यादीनुसार तपासून घ्या. त्या अहवालात शेतावर काय बदलायचं ते दिसेल, आणि तो बदल पुढच्या लागवडीपासूनच करता येतो. म्हणजे युरोपची तयारी निदान एक हंगाम आधी, अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणं लावतानाच सुरू व्हायला हवी.